पन्नास सेंट आणि चाळीस अंश



जळगाव जामोदची ही व्याख्यानमाला वसंतातली, आणि वरचा पंखा मात्र गरम हवा फेकतो आहे. म्हणून उन्हापासूनच सुरुवात करतो. ऊन हा लसीचा जुना वैरी. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि मे महिन्यात आपला पारा चाळिशीच्या वर.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस लागू पडली. भारतातली ही पहिली. त्याआधी इंग्लंडहून निघालेली लस वाटेतच निकामी होई. ही आली बगदाद-बसऱ्याच्या वाटेने. बर्फ नव्हता. मग ॲनाच्या दंडावरच्या फोडातला स्राव दुसऱ्या मुलांना टोचला, त्यांच्याकडून आणखी पुढे. पोरांचे दंड हीच तेव्हाची शीतपेटी! आज ऐकताना अंगावर काटा येतो.

आता दोनशे वर्षांनंतरची गोष्ट. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या दिवसांत मेनिंजायटिसची साथ येई. मेंदूच्या आवरणाला सूज. जे वाचत त्यांतले कित्येक बहिरे होत. १९९६-९७ च्या साथीत २५ हजारांवर माणसे गेली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था लसीच्या मागे लागल्या, तेव्हा आफ्रिकेची अट साधी होती: डोस पन्नास सेंटच्या आत बसवा. मोठ्या परदेशी कंपन्यांना ते जमेना. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते पत्करले. म्हणजे भाव आधी ठरला, माल नंतर झाला. आपल्या कापसाचे नेमके उलटे चालते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ही लस टोचायला सुरुवात झाली. २०१२ मध्ये तिला आणखी एक मान्यता मिळाली: ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत ती चार दिवस बर्फाविना नेता येते. माझ्या मते भावापेक्षा ही बाजी मोठी. जिथे वीज नाही, तिथेही कुपी पोचली. ही लस मेनिंजायटिसच्या ज्या ‘ए’ जातीच्या जंतूवर होती, त्याच्या साथी त्या पट्ट्यात थांबल्या.

गोवराची लस मात्र अजून बर्फ मागते. तिच्यात पाणी मिसळले की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. सातपुड्यात भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल या गावांकडे पेटी खांद्याला लावून चढणाऱ्या सिस्टरला हे चार तास मोजावे लागतात. अनेक बाळांना पुरणारी कुपी फोडावी, तर समोर दोनच बाळे. बाकीची आईबापांबरोबर कामाला दूर गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेत ठरलेली लसीची मोहीम इथे, या दोन बाळांपाशी येऊन अडते.

२०२३ मध्ये घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेली बाळे जगात १ कोटी ४५ लाख होती. त्यांतली १६ लाख भारतातली. ती सगळी डोंगरातच राहतात असे नाही. काही आपल्या वीटभट्टीवर, आपल्या शेतातल्या पालात असतात. तुमच्याकडे मजूर कुटुंब उतरले, तर बाळाचे लसीचे कार्ड विचारा आणि त्याच दिवशी गावातल्या आशाताईंना सांगा.