बारा आवर्तनांची परीक्षा
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



शाळेच्या हीरक महोत्सवात संगीताच्या प्रवेशचाचणीवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. स्नेहसंमेलनात ईशस्तवन म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांतील काही जण शाळा सुटल्यावरही गाणे सोडत नाहीत. ती विशारद होतात, वाणिज्य वा विज्ञान शाखेची पदवी घेतात आणि एके संध्याकाळी घरी सांगतात, की पुढचे शिक्षण संगीतातच घ्यायचे आहे. त्या संध्याकाळी घरात जी शांतता पसरते, ती या सभागृहातील काही पालकांच्या ओळखीची असेल. आजचा विषय त्या शांततेनंतरच्या सहा महिन्यांचा आहे.

या विषयाला बडोद्याचा वारसाही आहे. पूर्वी गायनविद्या मिळणे न मिळणे हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना ती विद्या मिळवण्यासाठी घर सोडून उत्तरेकडे जावे लागले आणि वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करीत शिकावे लागले. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्याच्याही आधी, १८८६ साली, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली होती. सूरसागराच्या काठी आज विद्यापीठाची जी संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे, तिचे मूळ या गायनशाळेत आहे. १९१६ साली याच शहरात भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे १९१८ साली ग्वाल्हेरला आणि १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालये निघाली. या सर्व संस्थांमुळे दारात उभ्या राहिलेल्या मुलाला ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाऐवजी ‘तुला काय येते?’ असे विचारले जाऊ लागले. प्रवेशचाचणी ही त्या बदलाची खूण आहे. तिची भीती वाटणे साहजिक आहे. परंतु ती नसती तर यांपैकी अनेकांना दारच उघडले नसते, हेही ध्यानात ठेवावे.

चाचणीचा तिटकारा वाटावा असाही एक प्रसंग इतिहासात आहे. १९५२ नंतर, बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना, आकाशवाणीवर गाणाऱ्या कलावंतांची चाचणी घेण्याची पद्धत सुरू झाली. परीक्षक मंडळाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या विद्वानाकडे होती. तरीही अनेक नामवंतांना ती चाचणी मानहानिकारक वाटली. आयुष्यभराची साधना काही मिनिटांत मोजली जाणे त्यांना पटले नाही, आणि त्यांच्या दुःखात तथ्य होते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दारातली चाचणी मात्र वेगळी असते. तेथे समोर बसलेले परीक्षक तयार गायक शोधीत नसतात. पुढची दोन वर्षे जिला शिकवायचे, अशी विद्यार्थिनी ते शोधीत असतात. एवढी एक गोष्ट नीट उमगली, की तयारीची दिशाच बदलते.

आता त्या खोलीत काय घडते ते पाहू. तपशील संस्थेगणिक बदलतात, तरी हिंदुस्थानी कंठसंगीताच्या चाचणीचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. प्रथम उमेदवाराने आपल्या आवडीचा राग गावयाचा, विलंबित आणि द्रुत ख्यालासह. मग परीक्षक आपल्या पसंतीचा एखादा राग विचारतात. हातावर ताल धरून ठेका म्हणावयास आणि त्याची दुगुण-चौगुण करून दाखवावयास सांगतात. चार स्वर गाऊन ते ओळखावयास लावतात. शेवटी दोन-चार प्रश्न विचारतात. हे सारे साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. अनेक ठिकाणी याला लेखी परीक्षेचीही जोड असते.

पहिली अडचण वेळेची. घरी यमनचा विलंबित ख्याल पाऊण तास चालतो. एकतालाच्या बारा मात्रा; एकेक मात्रा चार सेकंदांची धरली, तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते. विलंबितासाठी सहा मिनिटे मिळाली, तर हाती जेमतेम साडेसात आवर्तने लागतात. त्यांतले एक स्थायी मांडण्यात जाते, दुसरे अंतऱ्यात. आलापी गंधारापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच ‘आता द्रुत ऐकवा’ असे शब्द कानी पडतात, आणि विद्यार्थिनी बाहेर येऊन म्हणते, ‘मला गाऊच दिले नाही.’

यावर उपाय घाई करणे हा नव्हे. लय बेताची ठेवणे हा आहे. मात्रा अडीच सेकंदांची धरली, तर आवर्तन अर्ध्या मिनिटाचे होते आणि त्याच सहा मिनिटांत बारा आवर्तने मिळतात. या बारा आवर्तनांची वाटणी आधीच करून ठेवावी. दोन आवर्तनांत स्थायी, चारांत पूर्वांगाची आलापी, तिसरी वाटणी उत्तरांगातून तार षड्जापर्यंत जाण्याची, मग अंतरा, आणि उरलेल्यांत बोलअंगाचे काम नि मोजक्या ताना. ही वाटणी पाठ करून गावयाची नसते. पण कोठून कोठे जावयाचे याचा नकाशा मनात असला, म्हणजे कोणत्याही क्षणी थांबवले तरी गाणे अर्धवट वाटत नाही. मुखडा प्रत्येक वेळी सहजपणे समेवर येतो की नाही, हे तर पहिल्या दोन आवर्तनांतच परीक्षकांना कळते.

दुसरी अडचण रागाच्या निवडीची. उमेदवाराचा कल नेहमी अवघड रागाकडे असतो. अप्रचलित राग गायला की परीक्षकांवर छाप पडेल, अशी समजूत असते. वस्तुतः ज्या रागात विद्यार्थिनी तीन-चार वर्षे वावरली आहे, तोच राग तिचे गुण दाखवतो. चाचणी सकाळी अकराला असेल तर तोडी, जौनपुरी किंवा अल्हैया बिलावल, दुपारी सारंग, संध्याकाळी यमन, असे तीन वेळांचे तीन राग तयार ठेवावेत. नाव पुकारले जाण्याची वेळ आपल्या हाती नसते.

पुढची कसोटी जवळच्या रागांची असते. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच आहेत. परंतु भूपाचा जीव गंधारात आहे आणि देशकाराचा धैवतात. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर एकच. तरी मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत बोलतात, पूरिया मंद्राकडे आणि गंधाराकडे झुकतो, तर सोहनी तार सप्तकात रमते. ‘भूप ऐकवलात, आता देशकार ऐकवा’ असे म्हटल्यावर जी विद्यार्थिनी क्षणभर थांबून धैवतावरून उठते, तिने बाकी काही न गायले तरी परीक्षकांना हवे ते कळलेले असते. अशा जोड्या रोज पाच मिनिटे शेजारी शेजारी गाव्यात. तानांच्या तासाभराच्या रियाजातून जे साधत नाही, ते यातून साधते.

तंबोऱ्याविषयी विशेष सांगावेसे आहे. हल्ली मोबाइलवरचा तानपुरा सर्वांच्या खिशात असतो; त्यामुळे लाकडी तंबोरा मिळवण्याची सवय मोडली आहे. परीक्षकांनी तंबोरा पुढे सरकवला की अनेकांचे हात गार पडतात. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात मिळवावयाची. मारव्यात आणि पूरियात ती निषादात मिळवावयाची. जोडाच्या दोन तारा एकजीव झाल्या की नाहीत, हे कानाने ठरवावे लागते. तंबोरा मिळवणे हीच खरे म्हणजे पहिली स्वरपरीक्षा असते, आणि ती गाणे सुरू होण्यापूर्वीच झालेली असते.

साथीचेही तसेच. तबलजी अनोळखी असतात आणि दोन मिनिटे आधी भेटतात. त्यांना लय नेमकेपणाने सांगता आली पाहिजे. टाळी देऊन दाखवता आली तर उत्तम. एकाच साथीदाराच्या आधाराने वर्षानुवर्षे गाणाऱ्या मुलीला समेच्या आधीचा त्याचा ओळखीचा तुकडा ऐकू आला नाही, तर ती गांगरते. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत निरनिराळ्या तबलजींबरोबर आणि अधूनमधून निव्वळ साध्या ठेक्यावर गावे.

भाषेचा मुद्दा मराठी मुलांसाठी महत्त्वाचा आहे. बंदिशी बहुधा ब्रज वळणाच्या. ‘जाणे’, ‘चोर’ या शब्दांतले ज आणि च मराठी माणूस दातांजवळून उच्चारतो. ब्रजेत ते तालव्य आहेत. घरच्या सवयीने केलेला उच्चार जाणकार कानाला लगेच खटकतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांना येथे लाभच आहे. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात हिंदी ऐकलेल्या कानाला हा फरक चटकन कळतो. बंदिशीतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असावा आणि ती कोणाकडून मिळाली हेही. हे प्रश्न हमखास विचारले जातात आणि त्यांवर गप्प बसलेला उमेदवार उत्तम गाऊनही उणा ठरतो.

तयारीतली सर्वांत मोलाची सवय मात्र अगदी साधी आहे. चाचणीच्या आधी महिनाभर, दिवसातून एकदा, गळा न तापवता, कोणत्याही वेळी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे गावे. चूक झाली तरी थांबू नये. ध्वनिमुद्रण करावे आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकले तर मन स्वतःची बाजू घेते. दुसऱ्या दिवशी कान परक्याचे होतात. उत्तम दिवशी आपण काय गाऊ शकतो, हे सर्वांनाच माहीत असते. रात्रभराच्या प्रवासानंतर, बसलेल्या आवाजात, अनोळखी खोलीत काय शिल्लक राहते, हे या सवयीमुळे कळते. चाचणीत तेच शिल्लक उपयोगी पडते. शेवटच्या दोन दिवसांत तासन्‌तास गाऊन गळा थकवू नये. सकाळी थोडी खर्जसाधना, भरपूर पाणी आणि पुरेशी झोप एवढे पुरे. शक्य असेल तर त्या गावी एक दिवस आधी पोहोचावे.

एवढे करूनही चूक होते. सम निसटते, निषाद उतरा लागतो. अशा वेळी परीक्षक चुकीपेक्षा पुढचे आवर्तन अधिक लक्षपूर्वक ऐकतात. कधी ते मुद्दाम एखादी जागा गाऊन दाखवतात आणि ‘अशी घ्या’ म्हणतात. अनेकांना हा आपला दोष दाखवला असे वाटते आणि चेहरा पडतो. खरे तर तो चाचणीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण असतो. ऐकलेली जागा मुलगी कान देऊन घेते का, दोन प्रयत्नांत तिच्या गळ्यात काही फरक पडतो का, एवढेच त्यांना पाहावयाचे असते. तिला शिकवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना तेथे मिळते.

आता पालकांविषयी. ‘पुढे काय?’ हा प्रश्न विचारण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. संगीताच्या पदवीने पोट भरेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अध्यापन, साथसंगत, ध्वनिमुद्रण, संशोधन असे मार्ग आहेत. त्यांतला प्रत्येक कष्टाचा आहे. म्हणून हा प्रश्न सहा महिने आधी, शांतपणे आणि पूर्णपणे बोलून घ्यावा. चाचणीच्या आदल्या रात्री तो पुन्हा काढू नये. ज्या मुलीच्या मनात घरचा वाद अपुरा आहे, तिचा षड्ज स्थिर लागत नाही.

निवड झाली नाही, तर तो निकाल त्या दिवसाच्या त्या पंधरा मिनिटांचा असतो. विचारलेले प्रश्न आणि अडलेल्या जागा त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवाव्यात. पुढील वर्षाच्या रियाजाचा तो आराखडा असतो. निवड झाली, तरीही ती वही तितकीच उपयोगी पडते.

आणि एक लहानशी विनंती. मुलगी त्या खोलीतून बाहेर येईल, तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या आई-वडिलांनी ‘कसे झाले?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर तिलाही ठाऊक नसते. ‘काय काय विचारले?’ असे विचारावे. मग ती सांगू लागेल, सांगता सांगता एखादी जागा गुणगुणेल, आणि जी खोलीत नीट लागली नाही ती व्हरांड्यात लागेल. शिक्षण तेथून सुरू झालेले असेल.