मुलं कुठे वाढवायची?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



२००१ साली बँकेने मला मुंबईत क्वार्टर देऊ केलं होतं. ऑफिस तिथून पंधरा मिनिटांवर. तरी मी कर्ज काढून डोंबिवलीत, या सोसायटीत घर घेतलं. कारण एकच, मुलं. चालत जाण्यासारखी मराठी शाळा, फडके रोडवरची दिवाळी पहाट, गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केलेली पाडव्याची शोभायात्रा. मुलांनी यात वाढावं असं वाटलं.

त्याची किंमत लोकलने वसूल केली. जाऊन-येऊन रोज तीन तास. निघताना मुलं झोपलेली, परतताना बहुतेक वेळा झोपलेलीच. मग संस्कार केले कुणी? आमच्या हिने आणि तुम्ही. तळमजल्यावरच्या काकूंनी पाढे घेतले, दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी सायकल शिकवली. ती मला शिकवायची होती, हे आज पहिल्यांदाच बोलतोय.

थोरला आता बंगळुरूला असतो. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, शाळा उत्तम आहे, पण छोटीला हक्काने रागावणारं शेजारी कुणी नाही."

मागच्या सभेत पार्किंगमध्ये मुलांना खेळायला बंदी करण्याचा ठराव आला, त्याला मी विरोध केला तो यासाठीच. काच फुटली तर वर्गणी काढून बसवू. आपली मुलं ज्या शेजारात वाढली, तो नव्या बिऱ्हाडांच्या मुलांनाही मिळू दे, एवढीच विनंती.