नाव, आवाज आणि श्रोते

देवळाला गाभारा असतो, शाळेला भिंती असतात; नभोवाणी-केंद्राला श्रोत्याच्या लेखी असे काहीच नसते. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ आवाज, आणि त्या आवाजाची खूण म्हणजे केंद्राचे नाव. म्हणूनच एखादे जुने केंद्र नाव बदलते, तेव्हा दुकानाने पाटी बदलावी इतका तो साधा प्रकार राहत नाही. हे नाव वस्तुतः कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या एका केंद्राची हकीगत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

अमेरिकेत प्रत्येक केंद्राची संकेताक्षरे सरकारदरबारी नोंदलेली असतात. १९५८ साली बॉस्टनमध्ये १०४.१ या एफ.एम. लहरीवर सुरू झालेल्या केंद्राची अक्षरे होती डब्ल्यूबीसीएन. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ ‘बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क’. तेथे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजत असे. श्रोते मोजके, आणि पैशांची ओढाताण नित्याची. अखेर १५ मार्च १९६८ च्या रात्री तेथे रॉक संगीताचा प्रवेश झाला. पहिली ध्वनिमुद्रिका लागली ती ‘क्रीम’ या इंग्लिश वादकसंचाची. आरंभी रात्रीपुरता आलेला हा पाहुणा थोड्याच अवधीत घरधनी होऊन बसला. अक्षरे मात्र तीच राहिली. अभिजात संगीतासाठी घेतलेले नाव शहरातील तरुण पिढी आपले म्हणून उच्चारू लागली.

याचे कारण केवळ संगीतात नव्हते. कोणती ध्वनिमुद्रिका लावावयाची, हे निवेदक स्वतःच्या आवडीने ठरवीत. श्रोत्यांचे दूरध्वनी घेण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असे. डॅनी शेक्टर यांच्या वार्तापत्रांत व्हिएतनाम युद्धाला होणाऱ्या विरोधाची दखल घेतली जाई. केंद्र शहराशी बोलत होते, आणि शहर त्याला उत्तर देत होते.

या नात्याची कसोटी १९७९ च्या फेब्रुवारीत लागली. नव्या मालकांनी सूत्रे हाती घेताच अनेक कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. त्याबरोबर सहकाऱ्यांनी संप पुकारला. मालकांनी यंत्रसामग्री विकत घेतली होती, नावही घेतले होते. श्रोते मात्र खरेदीखतात लिहिलेले नव्हते. ते संपकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. जाहिरातदारांनीही हात आखडता घेतला. सुमारे तीन आठवड्यांत मालकांना माघार घ्यावी लागली आणि काढलेली माणसे परत आली.

त्यानंतर तीस वर्षांनी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हाच्या मालक असलेल्या सीबीएस कंपनीने शहरातील आपल्या केंद्रांची फेरमांडणी केली. ९८.५ या लहरीवर ‘स्पोर्ट्स हब’ नावाचे क्रीडावार्तांचे केंद्र आले. तेथील ‘मिक्स’ हे केंद्र १०४.१ वर हलविण्यात आले. एकेचाळीस वर्षे रॉक संगीत ऐकविणाऱ्या डब्ल्यूबीसीएनचे त्या लहरीवरील आयुष्य संपले, आणि ती अक्षरे दूरच्या शार्लट शहरातील एका केंद्राला देण्यात आली. या वेळी हळहळ पुष्कळ झाली. परंतु निर्णय फिरला नाही.

एके काळी मालकांना नमविणारे बळ गेले कोठे? १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती केंद्रे बाळगावीत यावरील बंधने सैल केली होती. एकाच शहरातील अनेक केंद्रे एका हाती आल्यावर त्यांची अदलाबदल हा कचेरीतील हिशेबाचा विषय बनला. संगीत ऐकण्याची नवी साधने तरुणांच्या खिशात आली. शिवाय, १९९६ पासून जवळजवळ दहा वर्षे या केंद्राच्या सकाळच्या वेळेत हॉवर्ड स्टर्न यांचा न्यूयॉर्कहून येणारा कार्यक्रम लागत असे. नाव बॉस्टनचे, पण सकाळी जागे करणारा आवाज परगावचा, अशी स्थिती झाली होती.

१९६८ साली संगीत पालटले, तरी नावाला नवा प्राण मिळाला. पुढे नाव टिकले, पण त्यामागचा संवाद क्षीण होत गेला. केंद्राचे नाव सरकारी दप्तरात मालकाचे असते. त्याला अर्थ मात्र गावच देत असते. नामांतराचा विचार करणाऱ्याने म्हणूनच नव्या नावाच्या शोधात निघण्यापूर्वी पाहावे ते हेच, की जुन्या नावाने हाक मारली असता आज कोणी ‘ओ’ देते की नाही.