आमची मायनर : कोल्हापूर ते टौरंगा

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी काटछाट करून)



दूध आटेपर्यंत बोला, असं अध्यक्षांनी सांगितलं आणि विषय दिला, 'तुमची ती जुनी गाडी'. गेली वीस वर्षं गणपतीला, पाडव्याला, पिकनिकला तुम्ही ती बघताय. काहींनी तिला धक्काही मारलाय. त्या सर्वांचे प्रथम आभार मानतो.

गाडी आहे मॉरिस मायनर, १९५९ सालची, ९४८ सीसीची. २००४ मध्ये काटीकाटीच्या एका शेतकऱ्याकडून मी ती घेतली. शेडमध्ये कोंबड्या तिच्या टपावर बसत असत. बायको म्हणाली, "कोंबड्यांसकट घेताय का?" पण माझी गोष्ट तिथे सुरू होत नाही. ती सुरू होते कोल्हापुरात.

माझे वडील डॉक्टर होते. १९६१ साली त्यांनी जुनी 'बेबी हिंदुस्थान' घेतली. ही म्हणजे मॉरिस मायनरच, हिंदुस्थान मोटर्सने आपल्याकडे आणलेली. तिची मोठी बहीण मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या तिसऱ्या मालिकेला आपण 'अँबेसिडर' म्हणून ओळखतो आणि ती कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला थेट २०१४ पर्यंत बनत होती. म्हणजे मंत्र्यांची ती पांढरी गाडी जातीची इंग्रजच. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ट्रायंफ. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी मात्र या गोतावळ्यातली नाही, ती फियाट, इटालियन. मुंबईकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

आमच्या गाडीला वळायचं दाखवणारे दिवे नव्हते. दाराच्या मागच्या खांबातून एक छोटा 'हात' बाहेर यायचा. कधी कधी तो यायचाच नाही, मग बाबा खिडकीतून स्वतःचा हात काढायचे. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप टिक-टिक-टिक असा वाजायचा आणि पेट्रोल भरलं की हळूहळू गप्प व्हायचा. वाजलाच नाही तर पंप अडकला असं समजायचं. मग बॉनेट उघडून पान्याच्या मुठीने त्याला एक टपली मारायची. हे काम माझ्याकडे होतं. आठ वर्षांच्या मुलाला याहून मोठं पद काय असणार?

रत्नागिरीला मावशीकडे जाताना आंबा घाट लागायचा. परतीला, घाट चढताना, इंजिन तापायचं. आई पायाशी पाण्याचा डबा धरून बसायची. रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकून बाबा हळूच ते सैल करायचे, आणि आम्ही मुलं लांब उभे राहून वाफ बघायचो. एकदा तर पाणी संपल्यावर थर्मासमधला चहा ओतावा का यावर आईबाबांचं गंभीर बोलणं झालेलं मला आठवतं. (ओतला नाही. प्यायलो.)

आणि उद्यमनगर! कोल्हापूरकरांना सांगायला नको. पार्ट मिळत नाही ही भाषाच तिथे चालत नसे. आमचे मिस्त्री म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, मिळत न्हाई म्हंजे काय? सँपल द्या, सांच्याला घिऊन जावा." आणि संध्याकाळी बुश तयार असायचं, मूळच्यापेक्षा जरा जाडच.

१९७३ मध्ये मी इंजिनिअरिंगला सांगलीला गेलो. दिवाळीला घरी आलो तर फाटकाशी गाडी नाही. बाबा म्हणाले, "थकली होती रे, देऊन टाकली." त्यानंतर ते व्हिजिटला स्कूटरवरून जायचे, पावसात रेनकोट घालून. मी फार विचार केला नाही. वय अठरा होतं.

आता इकडे येऊ. १९९७ मध्ये टौरंगाला आलो तेव्हा मला वाटत होतं, ही श्रीमंत माणसं, यांना जुन्या गाड्यांचा शौक परवडतो. नंतर शेजारच्या आजोबांनी सांगितलं ते ऐकून मी चाट पडलो. न्यूझीलंडमध्ये १९३८ पासून आयातीला परवाना लागत असे. इंग्लंडहून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि गाड्या इथे जोडल्या जायच्या: मॉरिस ऑकलंडला, हिलमन पेटोनीला, फोर्ड लोअर हटला. नव्या गाडीसाठी नंबर लावून थांबायचं. परदेशात पैसे असलेल्याला मात्र ती लवकर मिळायची. म्हणून लोक आहे तीच गाडी वीस-पंचवीस वर्षं जपायचे आणि शेडमध्ये स्वतः उघडून बसायचे. ही सगळी गोष्ट मला तोंडपाठ होती! स्कूटरसाठी, फियाटसाठी वर्षानुवर्षं थांबलेली पिढी आपल्यापैकी कोणाच्या घरात नाही? शेवटही सारखाच. आपल्याकडे १९८३ मध्ये सुझुकीच्या मदतीने मारुती आली, इथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जपानहून वापरलेल्या गाड्या बोटी भरभरून येऊ लागल्या. १९९८ पर्यंत इथले गाड्या जोडणारे कारखानेही बंद झाले.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. या गाड्या फार उत्तम होत्या म्हणून टिकल्या, हे खरं नाही. दुसरी मिळत नव्हती म्हणून आपण त्या टिकवल्या. तेल गळायचं, पत्रा गंजायचा. त्यांच्या विजेच्या सामानाला इंग्रज स्वतःच 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून हसायचे. मायनर मात्र खरोखर हुशार माणसाने केलेली. ॲलेक इसिगोनिस, ज्याने पुढे १९५९ मध्ये मिनी केली. नमुना तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली, म्हणून सरळ मधोमध कापून चार इंच रुंद केली. बॉनेटच्या मध्ये जी उंच पट्टी दिसते ना, ती त्याचीच खूण. १९४८ ते १९७२ या काळात सोळा लाखांच्या घरात गाड्या निघाल्या. पण इंग्रज कंपन्या अशा यशावर बसून राहिल्या. आज एमजीचं नाव चिनी कंपनीकडे, मिनी जर्मनांकडे, आणि जग्वार-लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे. ती बातमी आली त्या दिवशी मी शेजारच्या आजोबांना पेढे दिले. त्यांनी ते घेतले, पण चेहरा बघण्यासारखा होता.

२००६ मध्ये बाबा इथे आले, ब्याऐंशी वर्षांचे. मी त्यांना मायनरमध्ये बसवलं आणि किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक. ते एकदम म्हणाले, "पंप चालू आहे की!" माउंटच्या समुद्रापर्यंत आम्ही गेलो. तिथे काचेतून बाहेर बघत ते म्हणाले, "आपली काही थकली नव्हती. तुझ्या होस्टेलचे आणि फीचे पैसे भरायचे होते, बाराशे कमी पडत होते. मिस्त्रींनीच गिऱ्हाईक आणलं."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगितलं असतंत तर मी..."

"म्हणूनच नाही सांगितलं."

पुढे काही बोललो नाही. आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण तुमच्यापैकी दोघेतिघे जुन्या गाड्या शोधताहेत. २०११ मध्ये मुलीला घेऊन मी हॅमिल्टनहून येत होतो. कायमाईचा उतार लागला आणि अर्ध्यावर ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं. गियर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, नशिबाने चढावाची एक मोकळी जागा सापडली आणि थांबलो. चूक शंभर टक्के माझी होती. या गाडीत ब्रेक ऑइलची टाकी ड्रायव्हरच्या पायाखाली, गालिच्याच्या खाली असते. डोळ्यांआड ती डोळ्यांआडच. मी बरीच वर्षं ऑइल बदललं नव्हतं, त्यात पाणी शोषलं गेलं आणि उतारावर ते उकळलं. मुलगी तेव्हा काही बोलली नाही. पण आता तिला मुलगा झालाय, आणि मागच्या वर्षी तिने सांगितलं, "बाबा, तुझी गाडी तुझ्या आठवणींची असेल, पण माझ्या मुलाला मी त्यात बसवणार नाही."

तीन आठवडे मी रुसून बसलो. मग पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावून घेतले आणि चारही सीटना पट्टे. आमच्या जुन्या गाड्यांच्या मित्रांपैकी काहींनी नाकं मुरडली, मूळ रूप बिघडवलंस म्हणाले. म्हणोत. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी हेच केलं असतं, तेही संध्याकाळपर्यंत. कायमाई मात्र अजून नाही. माउंटपर्यंत जायची परवानगी मिळाली आहे.

नातू सहा वर्षांचा आहे. पंपाला पाना मारायचं काम त्याच्याकडे दिलंय. पंप उत्तम चालत असला तरी तो मारतोच.

दूध आटलेलं दिसतंय. गाडी बाहेर हॉलच्या दाराशीच उभी आहे, पोरांना बसायचं असेल तर दार जरा उचलून लावा. आणि तिच्याखाली एक पुठ्ठा ठेवलाय, तो कचरा समजून कृपया कोणी उचलू नका.