सवलत कोणाला आणि कशासाठी?

(भीमजयंतीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या व्यासपीठावरून मी करांविषयी बोलणार आहे असे कळले तेव्हा काही मित्रांनी विषय रुक्ष असल्याचे सुचविले. परंतु ज्या महामानवास आज आपण अभिवादन करीत आहोत, त्यांनी याच न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात मुख्यतः अर्थशास्त्राचे अध्ययन केले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी. करांचा भार कोणी उचलावा आणि त्या पैशाचा लाभ कोणाला व्हावा, हा प्रश्न बाबासाहेबांच्या लेखी केवळ हिशेबनिसांचा नव्हता. तो न्यायाचा प्रश्न होता. म्हणून जयंतीदिनी त्याची चर्चा करण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

आजचा प्रश्न असा की, मोठ्या कंपन्यांनी आपल्या शहरात यावे म्हणून शहरांनी त्यांना करसवलती द्याव्यात काय?

आपल्या डोळ्यांसमोर घडलेले उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲमेझॉन कंपनीने आपल्या दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा शोधत असल्याचे जाहीर केले. पन्नास हजार नोकऱ्या आणि ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक असे आश्वासन होते. उत्तर अमेरिकेतून २३८ प्रस्ताव आले. आपल्या शेजारच्या न्यू जर्सी राज्याने व नेवार्क शहराने मिळून सुमारे ७ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने व्हर्जिनियातील आर्लिंग्टन आणि न्यूयॉर्कमधील लाँग आयलंड सिटी अशी दोन ठिकाणे निवडली व प्रत्येकी पंचवीस हजार नोकऱ्यांचे वचन दिले. न्यूयॉर्कने राज्य व शहर मिळून सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या. म्हणजे एका नोकरीमागे १ लाख २० हजार डॉलर!

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हे ३ अब्ज डॉलर तिजोरीत बाजूला काढून ठेवलेले नव्हते. त्यातील मोठा भाग म्हणजे कंपनीकडून पुढे येणाऱ्या करांतील सूट होती. सवलतीच्या कितीतरी पट महसूल येईल असे शासनाचे म्हणणे होते. नियोजित जागेच्या जवळच क्वीन्सब्रिज ही या देशातील सर्वांत मोठी सार्वजनिक वसाहत आहे. तेथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी काहींना घरभाडे वाढण्याची भीती होती, तर काहींना आपल्या मुलांसाठी नोकरीची आशा होती. ज्याच्या घरात बेकार तरुण बसला आहे त्याच्या आशेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची चूल अशाच मोठ्या कंपन्यांच्या पगारावर पेटते, हेही विसरता कामा नये.

मग आक्षेप कशाला होता? पहिला आक्षेप पद्धतीला होता. वाटाघाटी बंद दाराआड झाल्या आणि नगर परिषदेच्या नेहमीच्या मंजुरीला वळसा घालणारी राज्याची प्रक्रिया अवलंबिण्याचे ठरले. दुसरा आक्षेप गरजेविषयी होता. विरोध वाढताच १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने माघार घेतली, तेव्हा शहराचे दार कायमचे बंद झाले असे अनेकांना वाटले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याच कंपनीने मॅनहॅटनमध्ये सुमारे दीड हजार कर्मचाऱ्यांसाठी जागा भाड्याने घेतली आणि २०२० साली फिफ्थ अव्हेन्यूवरील एका जुन्या दुकानाच्या भव्य इमारतीत आणखी दोन हजार नोकऱ्या आणण्याचे जाहीर केले. त्यासाठी तशी कोणतीही खास सवलत द्यावी लागली नाही. ही संख्या पंचवीस हजारांपेक्षा पुष्कळच लहान आहे, हे खरे. पण कंपनीला न्यूयॉर्कमध्ये काय हवे होते ते त्यातून स्पष्ट होते. तिला येथील शिकलेली माणसे हवी होती, आणि ती माणसे घडविली जातात शाळांत व विद्यापीठांत, करांच्याच पैशातून.

अर्थशास्त्रज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. सवलतीमुळेच कंपनीचा निर्णय फिरला असे प्रसंग शंभरात दोन ते पंचवीस एवढेच असतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे निदान शंभरातील पंचाहत्तर कंपन्या तशाही आल्याच असत्या. त्यांना दिलेली सूट ही भुकेल्याला दिलेली भाकर नसून जेवून उठलेल्याला केलेला आग्रह होय.

आणि हा आग्रह फुकट होत नाही. या देशातील शाळांच्या स्थानिक उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर आहे. मोठ्या इमारतीचा कर माफ झाला तरी पोलीस, रस्ते, पाणी आणि शाळा यांचा खर्च तेवढाच राहतो. उरलेला भार मग छोटा दुकानदार, घरमालक आणि घरभाड्याच्या रूपाने भाडेकरू उचलतो. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी अशाच विषमतेवर बोट ठेवले होते. प्राप्तिकर आकारताना किमान उत्पन्न वगळले जाते, परंतु जमीन महसूल मात्र बड्या जहागीरदाराप्रमाणेच तुकडाभर जमिनीच्या शेतकऱ्यालाही भरावा लागतो, हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे मांडला. ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावे, हे त्यामागील तत्त्व. ज्याची ऐपत सर्वांत अधिक त्यालाच सर्वांत मोठी सूट देणे हे त्या तत्त्वाच्या नेमके उलट आहे.

'सवलत' हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. आपण शिकलो, नोकरीला लागलो, तेव्हा हा शब्द आपल्या तोंडावर फेकण्यात आला. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या बौद्धांना अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे अर्ज, मोर्चे आणि शिष्टमंडळे! येथे एका कंपनीसाठी चौदा महिन्यांत अब्जावधींची तरतूद झाली. तिला कोणी सवलत म्हटले नाही, प्रोत्साहन म्हटले. माझा मुद्दा मत्सराचा नाही. ज्या कसोटीवर दुबळ्याची सवलत घासली जाते, त्याच कसोटीवर बलवानाचीही घासली जावी, एवढेच माझे मागणे आहे.

ही कसोटी कोणती? तिचे उत्तर बाबासाहेबांच्याच जीवनात आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली, ती करारपत्र लिहून घेऊन. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी त्यात अट होती. बाबासाहेब १९१७ साली ती अट पाळण्यासाठी बडोद्याला गेलेही. अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळाली नाही, म्हणून त्यांना परतावे लागले. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून करार लिहून घेतला जातो, तर जगातील धनाढ्य कंपनीकडून का घेतला जाऊ नये?

करारातील अट किती मोलाची असते, हे विस्कॉन्सिन राज्याने अनुभवले. फॉक्सकॉन कंपनीने २०१७ साली तेथे १३ हजार नोकऱ्यांचे व १० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे वचन दिले आणि राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती मान्य केल्या. कारखाना वचनाप्रमाणे उभा राहिला नाही. परंतु नोकऱ्या निर्माण झाल्याशिवाय पैसे नाहीत अशी अट असल्यामुळे राज्याने २०२० साली सवलत नाकारली, आणि २०२१ साली नवा करार झाला तो १,४५४ नोकऱ्यांसाठी केवळ ८ कोटी डॉलरचा. याउलट माउंट प्लेझंट या गावाने मात्र जमीन, रस्ते आणि पाणी यांवर आधीच कर्ज काढून खर्च केला होता व अनेक कुटुंबांची घरे रिकामी करून घेतली होती. त्या कुटुंबांना कोणत्याही नव्या कराराने ती घरे परत मिळाली नाहीत.

मायदेशीही आपण हेच पाहिले. २०२२ साली वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली. दोन राज्ये एका वचनासाठी भांडत राहिली आणि ते वचन हवेत विरून गेले.

म्हणून माझे मत असे आहे की, एका कंपनीचे नाव लिहून शहरांनी करसवलत देऊ नये. द्यावयाचीच असेल तर ती लहानमोठ्या सर्वांना एकाच नियमाने द्यावी, करार आधी जाहीर करावा, नोकरी निर्माण झाल्यावरच लाभ द्यावा, वचनभंग झाल्यास तो परत घ्यावा आणि शाळांच्या वाट्याला हात लावू नये. कॅन्सस व मिसुरी या शेजारी राज्यांनी एकमेकांच्या कंपन्या पळविण्याची स्पर्धा २०१९ साली समजुतीने थांबविली. राज्यांना तेव्हा हे जमले, तर शहरांनाही जमले पाहिजे.

शेवटी तथागतांचे स्मरण करतो. कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची कथा येते. महायज्ञासाठी प्रजेवर नवे कर लादू नकोस, असा सल्ला त्याला मिळतो. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, सेवकाला वेतन दे. मग राज्यात लूटमार उरणार नाही आणि लोक दारे उघडी ठेवून सुखाने नांदतील. शासनाने मदतच करू नये असे ही कथा सांगत नाही. मदतीत सर्वांचा वाटा असावा, एवढेच ती सांगते.

आपण येथे मतदार आहोत, करदाते आहोत आणि पालक आहोत. यापुढे आपल्या नगरपालिकेत वा शाळा मंडळात अशा सवलतीचा ठराव येईल तेव्हा त्या सभेला जा, करारपत्र मागा आणि उभे राहून विचारा: सवलत कोणाला आणि कशासाठी? बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या शिक्षणाचा तो सदुपयोग ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!