टीव्हीचा संच कुठे ठेवला होता?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सकाळी वाटलेला कागद सगळ्यांनी वाचला असेल असं मी धरत नाही. अक्षर बारीक आणि भाषा अवघड आहे. थोडक्यात सांगते. परदेशातलं एक विद्यापीठ आणि इथली एक संस्था मिळून पाहणी करणार आहेत. गावातल्या बाया मोबाइलवरून शिकू शकतात का, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांना आपले गट हवे आहेत. हो म्हणायचं की नाही ते जेवणानंतर ठरवायचंय. माझं मत 'हो' आहे, पण अटी घालून. अटी का, ते सांगायला मला पन्नास वर्षं मागं जावं लागेल.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात एक फार मोठा प्रयोग झाला. 'साइट' म्हणतात त्याला. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा, जमिनीवरची सगळी यंत्रणा आपल्या इस्रोची, कार्यक्रम बहुतांशी आकाशवाणी-दूरदर्शनचे. करार १९६९ सालीच झाला होता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीचे संच बसवले. महाराष्ट्र त्यात नव्हता, मात्र मुलांचे काही विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार झाले. अँटेना कशाची होती माहीत आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची. मला हे फार आवडतं. अमेरिकेचा अवाढव्य उपग्रह वर, आणि खाली आपली कोंबड्यांची जाळी! सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, करमणूक. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना याच संचांवरून विज्ञान शिकवायचं प्रशिक्षण दिलं.

आता बायांचं काय झालं? संच गावाला एकच, आणि बहुतेक ठिकाणी तो शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवला. शाळेत ठेवणं साहजिकच होतं, सकाळी मुलांना दाखवायचं होतं ना. पण संध्याकाळी तिथं कोण जाऊन बसणार? ती चूल पेटवायची वेळ. जनावरं परतायची वेळ. शिवाय पंचायतीसमोर पुरुषांच्या घोळक्यात सुनेनं जाऊन बसायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. प्रेक्षकांत बाया पुरुषांपेक्षा कमीच राहिल्या.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपण विसरता कामा नये. या प्रयोगाचं मूल्यमापन वरवरचं नव्हतं. काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक महिनोन्‌महिने मुक्कामाला राहिले. पाहणीत असं दिसलं की आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांत माहितीची भर जास्त पडली ती बाया आणि निरक्षर माणसं यांच्या पदरात. म्हणजे ज्यांना तिथं पोचणं सगळ्यात अवघड, त्यांनाच सगळ्यात जास्त मिळालं! बायांना कळत नाही, गोडी नाही, असं म्हणणाऱ्यांना हे तोंडावर सांगायला हवं. त्यांना कळत होतं. संच त्यांच्या वाटेवर नव्हता आणि वेळ त्यांच्या सोयीची नव्हती.

आणि वर्ष संपल्यावर? ठरल्याप्रमाणे नासानं उपग्रह परत नेला. प्रयोग यशस्वी झाला, त्यातून मिळालेला अनुभव पुढे इन्सॅटच्या कामाला आला, हे खरं आहे. पण ज्या बाईनं सासूशी भांडून त्या ओट्यावर जागा मिळवली असेल, तिच्यासाठी ते यश कुठलं?

दुसरं उदाहरण युरोपातलं. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ आणि जर्मनीत हागेन इथलं दूरशिक्षण विद्यापीठ. तिथल्या दोघीजणी, गिल कर्कअप आणि क्रिस्टीन फॉन प्रुमर, यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा मिळून अभ्यास केला. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. तोवर दूरशिक्षणातली विद्वान मंडळी धरून चालायची की उत्तम विद्यार्थी म्हणजे एकटा, स्वावलंबी, कुणाची गरज नसलेला. या दोघींना दिसलं की बायांना अभ्यासकेंद्रावर यायचं असतं, एकमेकींशी बोलायचं असतं. घरचं सगळं आवरून तिथं पोचणं जड जात असूनही त्या पुरुषांपेक्षा जास्त येतात. आपल्या गटातल्या कुठल्याही बाईनं हे पाहणीशिवाय सांगितलं असतं म्हणा! पण ते कागदावर आलं, आकड्यांनिशी आलं, कारण प्रश्न बायांनी काढले होते. म्हणून सांगते, आपल्यालाही या पाहणीचे प्रश्न काढताना तिथं बसायचंय. नुसते फॉर्म भरून द्यायला आपण नाही.

आता तिसरं, अगदी जवळचं. तामिळनाडूत थेनी भागात बचत गटाच्या बायांना शेळीपालनाचे धडे मोबाइलवर आवाजातून दिले गेले. राष्ट्रकुलाच्या 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' या संस्थेचं सहकार्य होतं. ऐकायचं होतं, वाचायचं नव्हतं, त्यामुळं शेळ्या चारता चारताही धडा व्हायचा. पण मला महत्त्वाचं वाटतं ते बँकेचं कर्ज. कर्ज होतं नऊ शेळ्या, एक बोकड आणि एक मोबाइल यांचं. फोन बाईच्या कर्जातला, म्हणजे बाईचा. नवऱ्यानं हातातून काढून घेतला तर तिला म्हणता येतं, हप्ता मी भरतेय.

आपल्याकडे काय आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरतात असा फोन होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. टाळेबंदीत तर आपण घराघरांत पाहिलं. फोन एक, मुलं दोन, तर फोन आधी मुलाच्या हातात. मुलीनं रात्री वही उतरवून घ्यायची.

तेव्हा माझं म्हणणं असं. धडे आवाजातून हवेत. आठवड्यातून एकदा एकत्र बसून ऐकायची सोय हवी. त्या दिवसाची मजुरी बुडते, ती त्यांच्या अंदाजपत्रकात धरलेली हवी. पाहणीचे निष्कर्ष मराठीत, आपल्या गटांसमोर, ते छापायच्या आधी वाचले जायला हवेत. आणि दोन वर्षांनी हे लोक गेले की धडे आणि फोन कुणाकडे राहणार, ते आत्ताच लिहून घ्यायचं. तोंडी नाही.

आता तो कागद काढा. तिसरं पान, सातवा प्रश्न. 'कुटुंबात मोबाइल आहे काय? होय / नाही.' इथं काय विचारायला हवं होतं, तिथून चर्चा सुरू करू.