पी ०३०१



'सॉफ्टवेअरवर बोल' असं मला सांगितलं होतं. मी मात्र गाडीवर बोलणार आहे.

मागच्या पावसाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना पुण्याहून साताऱ्याला सोडायला मी निघाले. गाडीच्या इंजिनाचा पिवळा दिवा तेव्हा दोन आठवडे अधूनमधून लागत होता. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारं छोटं यंत्र माझ्याकडे आहे. मोबाइलवर कोड यायचा : पी ०३०१. म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. मी वाचायचे आणि पुसून टाकायचे. दिवा गेला की झालं! तीनदा पुसला. ऑफिसात ज्युनिअरनं असं केलं असतं, तर मी त्याला सोडलं नसतं.

खंबाटकीच्या चढावर गाडी थरथरली आणि दिवा लुकलुकू लागला. नुसता पेटलेला दिवा म्हणजे लवकर दाखवा. लुकलुकणारा म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जातंय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. गाडी कडेला घेतली. डोळ्यावर पट्टी, बाहेर पाऊस. बाबांनी विचारलं, "तुला आधी माहीत होतं का गं?"

"हो."

ते पुढे काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गॅरेजमधले काका म्हणाले, प्लग, कॉइल, इंजेक्टर, सगळंच बदलू. तेव्हा मला आपली प्रयोगशाळा आठवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हटलं, काका, आधी एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची फक्त अदलाबदल करू. चक्कर मारून आलो. कोड आला पी ०३०२. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला होता! ०३०१ च राहिला असता, तर पुढे प्लगची पाळी होती. एक कॉइल बदलली, काम झालं.

कोड पुसला की बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग किती, तापमान किती, ही नोंदही पुसली जाते. प्रयोगवहीतलं चुकलेलं वाचन खोडायला विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला कधीच दिलं नाही. एक रेघ मारा, खाली नवं लिहा.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. मी तिन्ही वेळा खोडरबर वापरला.